वाकड्यासाठी अठरा शब्द

शीर्षकपानाचं प्रूफ सकाळी आलं. वर पुस्तकाचं नाव, त्याखाली 'संकलक : दिगंबर सबनीस', आणि त्याखाली बरीच मोकळी जागा. मी पान उलटून पाहिलं. मागे प्रेसचा पत्ता होता.

"काका, माझं नाव राहिलंय."

दिगंबरकाका चहा बशीत ओतत होते. "राहिलेलं नाही. घातलेलंच नाही."

१९७२ साल होतं. काका कलकत्त्याच्या गोदीच्या कचेरीतून निवृत्त होऊन तिथेच, खिदिरपूरला राहिले होते आणि नोकरीच्या परीक्षांना बसणाऱ्या मराठी मुलांसाठी इंग्रजी समानार्थी शब्दांचं पुस्तक काढत होते. मी पदार्थविज्ञानात एम.एस्सी. होऊन घरी बसले होते. पुस्तकावर दोघांची नावं येतील, या बोलीवर मी चौदा महिने त्यांच्याकडे शब्दांची कार्डं लिहिली. दिल्लीच्या एका कोशकार्यालयाला विज्ञानाचे शब्द तपासणारा माणूस हवा होता. अर्जाला छापील काम जोडायचं होतं, मुदत महिनाअखेरची. माझ्याकडे दाखवायला एवढं एकच पुस्तक होतं.

"शब्द सगळे डिक्शनरीतलेच," काका म्हणाले. "तू काय, उतरवलेस."

हे खोटं होतं. त्यांच्या मूळ यादीत वाकड्यासाठी अठरा शब्द एका ओळीत होते, मध्ये नुसते स्वल्पविराम. मुलं ते पाठ करणार आणि भलतीकडे वापरणार. मी प्रत्येक शब्दाला एक कसोटी लावली. असं वाक्य शोधायचं, जिथे तो चालतो आणि शेजारचा चालत नाही. खिळ्यावर तिरकं लटकलेलं कॅलेंडर अ‍ॅस्क्यू असतं, पण लॉपसायडेड नसतं. एकाच बाजूला पोती लादलेली हातगाडी लॉपसायडेड. खिडकीतून गोदीतलं एक जहाज डाव्या अंगाला कललेलं दिसलं, तेव्हा मी काचेला कोनमापक लावून पाहिला. साधारण चार अंश. काका तेव्हा म्हणाले होते, "अगं, इंग्रजी शिकवायचंय की पूल बांधायचाय?"

जिंकल्याच्या आनंदाचंही तसंच. ज्युबिलंट माणूस एकटाही असू शकतो. ग्लोट करायला मात्र कुणीतरी हरलेलं लागतं. हे वाक्य माझं. प्रस्तावनेत ते काकांच्या सहीवर छापून येणार होतं.

"तुम्ही बाबांसमोर कबूल केलं होतंत."

"तुझं मराठी अजून हावड्याच्या पुलावर अडकलंय. पुण्याचे मास्तर विचारतील, ही कोण कलकत्त्याची बाई?"

"तुम्हीही चाळीस वर्षं इथेच आहात."

"मी पुण्यात शिकलोय." त्यांनी बशी खाली ठेवली. "पान तपास आणि प्रेसला दे. जास्त बोलू नकोस."

पान तपासलं. चूक एकही नव्हती. अशा पानाखाली तारीख घालून सही करायची, म्हणजे प्रेस ते छापतो. आतापर्यंतच्या प्रत्येक पानावर सही माझी होती. काकांनीच तसं प्रेसला लेखी कळवलं होतं. ज्याची सही, त्याची चूक; कुणाला धरायचं हे त्यांना आधीच ठरवून हवं होतं.

मी पान तसंच, सही न करता पाठवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रेसचे मॅनेजर नंदीबाबू स्वतः आले. "सबनीसबाबू, फर्मा मशीन पर चढ़ा है. दीदीमणि का साइन नहीं."

काकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "लाइए, मैं करता हूँ."

"आपका नहीं चलेगा." नंदीबाबूंनी खिशातून काकांचंच पत्र काढलं.

"अरे, किताब मेरी है!"

"तो नया चिट्ठी दीजिए. लेकिन फिर पूरे किताब का गलती आपका. दो सौ आठ पन्ना."

काकांनी पेन उघडलं आणि तसंच धरून ठेवलं. त्या दोनशे आठ पानांतलं एकही त्यांनी वाचलं नव्हतं. हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांना.

"चुका आहेत का गं आत?"

"वाचून बघा ना."

"नीच आहेस."

नंदीबाबू घड्याळ पाहू लागले. शेवटी काकांनी पान ओढलं आणि आपल्या नावाखाली लिहिलं, 'साहाय्य : कु. श्यामला टिपणीस'.

"संकलक," मी म्हटलं. "दोघंही. आणि टाइप तुमच्याच मापाचा."

"लाज वाटत नाही? बापाच्या वयाच्या माणसाला वेठीस धरतेस!"

"मशीन थांबलंय, काका."

त्यांनी 'साहाय्य' खोडलं ते इतक्या जोराने की कागद फाटला. 'संकलक'पुढे 'दिगंबर सबनीस', 'श्यामला टिपणीस' अशी दोन नावं एकाखाली एक लिहून त्यांनी पान माझ्या अंगावर फेकलं. मी ते उचलून नंदीबाबूंना दिलं. दुरुस्ती झाल्याशिवाय सही करणार नाही, हेही सांगितलं.

"परसों नया प्रूफ भेजेगा," म्हणून नंदीबाबू जिना उतरले.

"पुन्हा या घराची पायरी चढायची नाही," काका म्हणाले.

"परवा चढेन," मी म्हटलं. "प्रूफ बघायला. मग नाही."