दोन जातींचा साप

आमच्या न्यू मेक्सिकोच्या कुरणात डेल्बर्टच्या पोटरीला खुळखुळ्या साप चावला, तरी पाय सुजेना. सूज नाही म्हणजे विष नाही, असा इथला समज. "कोरडाच चावला," म्हणत गडी राजमा खायला बसला.

मला मात्र त्यानं ठेचून मारलेल्या सापाचा संशय आला. डोकं कुरणातल्या जातीचं, शेपटीचे पट्टे वाळवंटातल्या जातीचे. आणि वाळवंटातल्याचं विष सुजवत नाही, श्वासच थांबवतं.

"गाडीत बस. याचा बाप कोण, ठाऊक नाही."

"तुझा तरी कुठं ठाऊक आहे?" तो हसला, पण पापण्या मिटत चालल्या होत्या. "ऑर्व्हिल, तू दोन-दोन दिसतोस रे."

मी त्याला उचलून गाडीत घातला.

दवाखान्यात शुद्धीवर येताच तो माझ्या मिशांना लागलेल्या रश्श्याकडे संशयानं बघत म्हणाला, "राजमा कुणी संपवला?"