बिनधाग्याच्या मिरच्या

जालन्याच्या कॉलेजातल्या बारावीच्या मुलींचं सेवा शिबिर पिंपळगाव रेणुकाईला आलं आणि सरांनी त्यातल्या दोघी ज्योत्स्नाच्या घरी उतरवल्या, तेव्हापासून तिच्या जिवाला घोर लागला. लोकाची लेकरं म्हणजे शेजारून मागून आणलेली काचेची बरणी, वापरायचा आनंद कमी आणि धास्तीच जास्त. विहिरीकडे जाऊ नका, मोटारीच्या वायरीला शिवू नका, गंजीत हात घालू नका, असं ती दिवसातून दहादा बजावायची. नवरा, संघपाल, हसायचा. त्याला हसायला काय जातंय!

चौथ्या दिवशी तिनं दोघींना शेडनेटमध्ये गवत काढायला लावलं. सावलीत, दाराआड, तिथं काय होणार? तिथं कंपनीसाठी बियाणं करायची मिरची होती. एकेक कळी उमलायच्या आत हातानं सोलायची, दुसऱ्या सकाळी तिला दुसऱ्या वाणाचा पराग लावायचा आणि खूण म्हणून देठाला लाल लोकरीचा धागा बांधायचा. धाग्याची मिरची बियाण्याला, बिनधाग्याची तोडून टाकायची. ज्योत्स्नानं दोन महिने मान मोडून हे केलं होतं.

दुपारी दोघींतली साक्षी कचऱ्याची पिशवी घेऊन हसत आली. मागे दुसरी, जालन्यातल्या मस्तगडची नाजिया.

"काकू, गवत काढलं. आणि हे धागे पण. देठाला काचत होते बिचाऱ्या मिरच्यांच्या. दोन ओळी एकदम साफ."

तीन दिवस पोरींनी गावातली प्लास्टिकं आणि चिंध्याच वेचल्या होत्या. त्यांना धागा म्हणजे कचराच. ज्योत्स्नानं पिशवीत पाहिलं, लाल धाग्यांचा गुंताच होता. ओरडावंसं वाटलं, पण परक्याच्या लेकीवर ओरडायचं कसं? धागे कशाचे ते तिनं हळू आवाजात सांगितलं. साक्षीचा चेहरा पांढराफटक पडला.

कंपनीचा साहेब दुसऱ्याच दिवशी सकाळी प्लॉट तपासायला येणार होता. भेसळ सापडली तर सगळा प्लॉट बाद, आणि पुढच्या वर्षी दारात कंपनीचं कुणी उभं राहणार नाही.

"मंग बांध परत," संघपाल म्हणाला. "कोण पाहून राह्यलं?"

ज्योत्स्ना पिशवी घेऊन ओळीत बसली. मिरची चाचपायची, अंदाज घ्यायचा, धागा बांधायचा. पोरी शेजारी बसल्या.

"काकू, ही धाग्याचीच होती ते कसं वळखलं?" नाजियानं विचारलं.

"दिसतं," ज्योत्स्ना म्हणाली. तिला काही दिसत नव्हतं.

थोड्या वेळानं साक्षीनंही एक धागा उचलला. "मला पण यायला लागलं वळखायला," ती म्हणाली. तिच्या आवाजात आता जीव आला होता. ज्योत्स्नानं पाहिलं, पोरगी काल-परवा धरलेल्या बोटाच्या पेराएवढ्या मिरचीला धागा बांधत होती. पराग लावायचं क्रॉसिंग बंद होऊन तर बारा दिवस झाले होते. आपण पोरीला काय शिकवून राह्यलोत, या विचारानं ज्योत्स्नाला शरम वाटली.

"राहू दे ते. टोपलं आण," ती म्हणाली. "दोन्ही ओळी तोडायच्या."

"सगळ्या?"

"एक न्हाई ठेवायची."

सूर्य कलेपर्यंत तिघींनी हिरव्यागार मिरच्या तोडल्या. तोडताना ज्योत्स्नाचे डोळे दोनदा भरून आले. तुझी चूक न्हाई, सांगायचं मीच विसरले, हे तिला साक्षीला म्हणायचं होतं. ओठावर आलं नाही.

सकाळी साहेब आला. रिकाम्या ओळी पाहून थांबला. ज्योत्स्नानं होतं ते सांगितलं. मुलींना धाग्याचं सांगायचं माझ्याकडूनच राहिलं, हेही सांगितलं.

साहेबानं बाकीच्या ओळींवरून नजर फिरवली. "आणि तिकडं हात लावला नाही कशावरून? तिथंही परत बांधले असतील. ताई, मी कशाच्या भरवशावर सही करू?"

ज्योत्स्नानं साक्षीकडे पाहिलं. काल खोटा धागा बांधायला आपणच शिकवलेली पोर आज काय बोलेल, याची तिला भीती वाटली. नाही म्हणाली तरी तिचं खरं कोण धरणार?

साक्षी खाली मान घालून उभी होती. मग हळूच म्हणाली, "तिसऱ्या ओळीची चार झाडं. पहिली चार. त्यांचे पण धागे मी काढले होते, आणि काकूंनी सांगितल्यावर गुपचूप अंदाजानं परत बांधले. काकू, काल मी भ्याले सांगायला."

संघपालनं कपाळाला हात लावला. ज्योत्स्ना तिसऱ्या ओळीकडे गेली आणि त्या चार झाडांवरची एकूण एक मिरची तिनं स्वतःच्या हातानं तोडली. परत येऊन भरलेला पदर साहेबापुढं धरला.

"बाकी कशालाच तिनं हात लावला न्हाई," ती म्हणाली. "हे मी सांगते."

साहेबानं एकदा मिरच्यांकडे, एकदा पोरीकडे पाहिलं आणि खिशातून पेन काढलं.