भामाचं पथ्य

तान्ह्या राणीच्या गालांवर लाल चट्टे उठले, हातापायांची कातडी खरखरीत होऊन फुटली, आणि हैदराबादेत चिक्कडपल्लीच्या त्या दोन खोल्यांत गुन्हेगार ठरली तिची आई. सासूबाईंचा, म्हणजे कुसुमताईंचा, निकाल पक्का होता: आईचं खाणं दुधात उतरतं. झालं! भामाचं वांगं बंद, अंबाडी बंद, शेंगदाणे बंद. दोन्ही वेळा मऊ भात आणि मुगाचं वरण.

नारायणगुड्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, की दुधाचा काही दोष नाही, मुलीची कातडीच कोरडी. हा इसब जातो, पुन्हा येतो. कढत पाणी, बेसन, धुरी बंद करा. कोमट पाण्यानं न्हाऊ घाला आणि अंग ओलसर असतानाच भरपूर मलम लावा.

"हौली झालीस का? डोकं फिरलं का?" कुसुमताई म्हणाल्या. "धुरीबिगर लेकरू वाढतंय कुठं? ते मलमबिलम नक्को."

नवरा विक्रम नव्या परदेशी कंपनीत लागून बंगलोरला गेलेला. भामानं बूथवरून फोन केला तर म्हणाला, "आईचं ऐक ना, अ‍ॅडजस्ट कर." परदेशी कंपन्यांना देश खुला झाला म्हणे! भामाला मात्र स्वतःच्या लेकीचं अंग चोळायची मुभा नव्हती. रात्रभर राणी खाजवून रडे, आणि भामाला संतापानं रडू येई.

शेवटी ती सासूबाईंना गोड आवाजात म्हणाली, "आत्याबाई, तुमची कंबर दुखते. राणीला मीच न्हाऊ घालते."

मग न्हाणीघराची कडी लागू लागली. बेसन मोरीत वाहून जाई, ओव्याची धुरी मागच्या अंगणातला कढीपत्ता घेई. मलमाची डबी लंगोटांच्या घडीत लपलेली असे. हळूहळू राणीचे गाल मऊ झाले. पोर रात्रीची झोपू लागली.

कुसुमताईंनी शेजारणीला बोलावून नात दाखवली. "बघा! सुनेनं तोंड बांधलं, म्हणून लेकरू सुधारलं. आता अंगावरचं सुटेस्तोवर हेच पथ्य. दुसऱ्याच्या वेळी तर पहिल्या दिवसापासून."

भामाच्या ओठांवर खरं आलं होतं. बोलली असती तर ताटातलं पथ्य सुटलं असतं, पण मलमाची डबी गेली असती.

"हौ आत्याबाई," ती म्हणाली. "तुमच्यामुळंच."

कुसुमताईंनी खूश होऊन तिच्या ताटात आणखी एक डाव भात वाढला.