नऊ लाख चाळीस हजारांची गाय

पुण्याच्या कॉलेजचं पत्र आलं तेव्हा मी एका ट्रॅक्टरच्या पहिल्या वाढदिवसाचा फ्लेक्स करत होतो. शुभेच्छुक छप्पन्न. प्रत्येकाला आपला चेहरा मागच्या चाकाएवढा पाहिजे होता, त्यामुळे खुद्द ट्रॅक्टर शेवटी कोपऱ्यात पासपोर्ट फोटोएवढा उरला. जवळा बाजार या गावी रतनसिंगच्या दुकानात मी दोन वर्षं हेच करतो. महिना नऊ हजार. मेलेल्या माणसाच्या फोटोला चुकून गॉगल लागला तर त्यातून दोनशे कट. तसं एकदाच झालं, आणि घरच्यांनी तो फ्लेक्स बदलू दिला नाही. म्हणाले, राहू द्या, दादा पहिल्यांदाच बरा दिसून राहिला.

पत्रात लिहिलं होतं की ग्राफिक कम्युनिकेशनच्या पदवीसाठी श्री. प्रज्ञेश यांची, म्हणजे माझी, निवड झाली आहे. खाली चार वर्षांची फी आणि हॉस्टेल मिळून आकडा होता: नऊ लाख चाळीस हजार. एवढे आकडे मी एका ओळीत फक्त मोबाईल नंबरात पाहिले होते.

बँक कर्ज द्यायला तयार होती, पण चार दिवसांत पगारदार पालकाची सही पाहिजे होती. बाबांकडे शेळ्या आहेत. बँक शेळ्यांना पगारदार धरत नाही. उरली आई. करुणा सिस्टर, उपकेंद्रात बावीस वर्षं नर्स. तिनं पत्र वाचलं आणि एक्सपायरी डेट शोधावी तसं उलटं करून पाहिलं.

"हे शिकलेलं एखादं माणूस हाय का आपल्याकडं?"

"शिवशंकर हाय. पुण्यात नोकरीला लागला. बहिणीच्या साखरपुड्याला येऊन राहिला."

"मंग त्यालाच इचारू. कॉलेजवाले सोताच्या कॉलेजला वाईट म्हनतील काहून?"

बाजाराच्या दिवशी आम्ही त्याला हॉटेलात गाठलं. आई फिरतीवरून थेट आली होती, त्यामुळे सर्व्हेचं रजिस्टर आणि बीपी मोजायचं मशीन सोबतच. चहा यायच्या आधी तिनं त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला.

"मावशी, मला काही तकलीफ न्हाई."

"ते मी बघते. एकशे अठरा. बराबर हाय. पगार?"

"अठ्ठावीस हजार."

"कर्ज किती काढलं?"

"सात लाख. हप्ता दहा हजार चारशे. अजून सहा वर्षं."

आईनं परत मशीन चालवलं. "एकशे अडतीस," ती म्हणाली आणि हप्त्याच्या शेजारी तेही लिहून घेतलं. पदवीचा रक्तावर होणारा परिणाम मी पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहत होतो.

खोली आणि मेस साडेअकरा. बस, मोबाईल, बाकी किरकोळ तीन. महिन्याच्या शेवटी शिवशंकरकडे उरतात तीन हजार शंभर. मी घरी जेवतो, घरी झोपतो. किरकोळ खर्चाचे दोन हजार जाऊन माझ्याकडे उरतात सात. म्हणजे चार वर्षं शिकून मी महिन्याला तीन हजार नऊशेनं मागं जाणार होतो. आईनं रजिस्टर मिटलं. मी बोटांवर बेरीज परत केली. बरोबर होती.

"अन् एवढ्यासाठी करतो काय तू तिथं?" तिनं सहज विचारलं.

शिवशंकरनं बॅगेतून गोळ्यांची एक पट्टी काढली. आत गोळ्या नव्हत्या, नमुनाच होता. "ज्याला वाचता येत न्हाई त्यानंबी गोळी बराबर वेळेला घ्यावी, असं पाकीट करायचं होतं. आधी सूर्य काढला. बायांना दाखवला. निम्म्या म्हनल्या उगवून राहिला, निम्म्या म्हनल्या बुडून राहिला. सहा महिने आमी एसीत बसून सूर्यावर भांडलो, मावशी. शेवटी गाय काढली."

पट्टीवर दोन रांगा होत्या. वरच्या रांगेत गाय गोठ्याकडे पाठ करून निघालेली. खालच्या रांगेत गोठ्याकडे तोंड करून आलेली. अक्षर एकही नाही.

आई पट्टी घेऊन उठली आणि समोर कांदे विकणाऱ्या चांगुणाबाईसमोर जाऊन उभी राहिली. आम्ही मागं.

"चांगुणाबाई, ही वरची कवाची?"

"सकाळची. गाय रानात चालली न्हाई का?"

"अन् खालची?"

"दिवेलागणीची, माय. कास बघा की कशी भरलेली."

शिवशंकरनं पट्टी डोळ्यांजवळ नेली. "कास?" तो पुटपुटला. "कास आमी कवा काढली?" वरच्या गाईची कास रिकामी होती, खालचीची भरलेली. मुगाच्या दाण्याएवढ्या जागेत. "संगं कामाला हाय त्या प्रियंकानं काढली असंल," तो म्हणाला. "तिच्या घरी गोठा हाय. आमच्या सायबाला अजून पत्ता न्हाई."

मी आजवर जे सगळ्यात मोठं केलं होतं ते वीस बाय तीस फुटांचं होतं आणि त्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं.

पण आई अजून थांबली नव्हती. तिनं पिशवीतून स्वतःचं कागदी पाकीट काढलं. त्यावर ती बावीस वर्षं बॉलपेननं एक आडवी रेघ आणि वर अर्धा सूर्य काढते. सकाळची खूण. "अन् हे?"

"हे तर दिस बुडतानाचं. पायाच्या सुजीची गोळी. तीन वर्षं झाली, रोज सांजच्याला घेते."

ती गोळी लघवीची. सकाळीच घ्यायची, नाहीतर माणूस रात्रभर उठत बसतं.

"म्हनून तुमी रातभर..."

"चार-चार डाव उठते! तुमाला सांगलं तर तुमी म्हनता, चांगुणाबाई, वय झालं."

आई कांद्याच्या पोत्यावर बसली. तिला मी साप चावलेल्या माणसासमोरही बसलेलं पाहिलेलं नाही. बॉलपेननं तिनं आपल्या अर्ध्या सूर्यावर फुली मारली. मग म्हणाली, "फॉर्म आण."

"आई, हिशोब तोट्याचा हाय."

"मला वाचता येतं. हप्ता तू भरशील, मी न्हाई. जड जाईल. तुझाबी बीपी वाढंल. जायचं का न्हाई, ते तू सांग."

बाजारात कुणीतरी मिरच्यांचा भाव ओरडत होतं. "जातो," मी म्हणालो. आणि खिशातला फॉर्म काढून दिला. आईनं रजिस्टर खाली धरून पोत्यावरच सही केली, पूर्ण नाव, आडनावासकट.

"आता चल," ती म्हणाली. "तीच गोळी अजून दहा घरांत हाय."

रस्त्यात तिनं दहा नवी पाकिटं आणि बॉलपेन माझ्या हातात दिलं. मी चालता चालता गाय काढली. पहिलंच घर नर्मदाबाईंचं. आईनं त्यांना तोंडानं तीनदा सांगितलं, सकाळीच, चहाच्या वेळेला, आणि मग पाकीट हातात दिलं. नर्मदाबाईंनी ते उजेडात धरलं, जवळ नेलं, लांब नेलं.

"सिस्टर, ही कुत्री सकाळी सकाळी कुठं चालली?"

आईनं आधी पाकिटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पुण्याला," ती म्हणाली. "चार वर्षांनी गाय होऊन येईल."