गोरखचिंचेवरचा पहारा

गुडोच्या वाटेत एकच अडचण होती, बबून माकडं. एयासी तलावाच्या माळावर इंपाला हरणांना तोटा नव्हता. पण ती चरायची गोरखचिंचेखाली, आणि वर बबूनांची अख्खी टोळी. गुडो धनुष्य घेऊन झुडपाआड सरकला रे सरकला की वरून भुंकणं सुरू, हरणं पसार आणि गुडो हात हलवत परत. मग सासू बुंझाली सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं विचारायची, "जावईबापू, आज काय वारा मारून आणलात?" लोक हसायचे. गुडो मात्र हसायचा नाही. हरीण आणणाऱ्या जावयाची झोपडी सासूच्या झोपडीला लागून उभी राहते, न आणणाऱ्याची बायको तिची आई माघारी बोलावते, आणि अबेयावर तर त्याचा जीव जडलेला.

एका पहाटे त्याने खडकावर झोपलेल्या टोळीवर कुत्री सोडली आणि भुंकण्यात सर्वांत पुढे असणारा थोरला नर पाडला. वस्तीने मांस मिटक्या मारत खाल्लं.

"छान आहे," बुंझाली बोटं चाटत म्हणाली. "पण हरीण कुठाय?"

टोळी दूर पळाली होती. आता हरीण सहज मिळेल म्हणून गुडो निघाला, तर कसलं काय! हरणं उघड्या माळावर उभी, घासागणिक मान वर. बबूनांच्या भरवशावरच ती निर्धास्त चरत होती, आणि ते पहारेकरी यानेच हाकलले होते. तो कपाळाला हात लावून बसला.

काही दिवसांनी टोळी परतली.

"आम्ही बायका त्याच झाडाखाली कंद खणतो," अबेया म्हणाली. "आमच्यावर कुठे भुंकतात ती?"

बुंझालीने लगेच आपलं रंगीत कापड गुडोच्या अंगावर फेकलं. "गुंडाळा. आणि पाय जरा हळू टाका, हत्तीसारखे नकोत."

सकाळी बायकांच्या घोळक्यात गुडो खाली मान घालून निघाला. धनुष्य कापडाखाली, हातात खणायची काठी. बायकांना हसू आवरेना. वरच्या बबूनांनी एकदा खाली पाहिलं आणि पुन्हा फळं खायला घेतली. खाली पडलेली फळं टिपत हरणं जवळ आली, अगदी जवळ. गुडोने बाण सोडला तेव्हा कुठे वर भुंकायचं सुचलं.

संध्याकाळी हरणाचं मांस भाजत असताना तो कापड सोडायला लागला.

"असू द्या," बुंझाली म्हणाली. "उद्या पुन्हा खणायला यायचंय. कंद बरे खणता तुम्ही. आणि झोपडी आता माझ्या झोपडीला लागूनच बांधायची."

गुडोने आनंदाने वळून पाहिलं, तर अबेया झोपडीसाठी गवत कापायला केव्हाच पळाली होती.