पांढऱ्या फडक्यातली पानं

बाइंडरबाईंनी टेबलाखाली पाहिलं, पुस्तकं दाबायच्या शिकंज्यात पाहिलं, मग पुन्हा टेबलाखाली पाहिलं. घाबरलेला माणूस एकाच जागी चारदा शोधतो, तशातली गत! पुस्तक काही असंतसं नव्हतं. छापखाने नवे होते तेव्हाचं, हिब्रू; मधोमध मोठ्या अक्षरांत शास्त्रवचन, भोवती बारीक अक्षरांत जुन्या पंडितांचं भाष्य. अशा प्रती जगात बोटांवर मोजण्याइतक्या. ग्रंथालयानं विश्वासानं शिवायला दिलेलं. शिवण उसवून पहिली पानं बाईंनी पांढऱ्या फडक्यात गुंडाळून ठेवली होती, ती जागेवर नव्हती; आणि आज संध्याकाळी ग्रंथपालबाई काम बघायला येणार होत्या.

"अगं, ती जीर्ण पानं ना?" नवरा आतून म्हणाला. "बाबा मघाशी घेऊन गेले. पुरायला."

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली.

चूक तरी कोणाची म्हणावी? देवाचं नाव छापलेलं पान फाटलं तर केरात टाकायचं नाही, पांढऱ्या कापडात गुंडाळून कबरस्तानात पुरायचं, हा त्यांच्या ज्यू घरातला पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. सासऱ्यांचा जन्म त्यातच गेलेला. डोळ्यांनी अधू, पण हौस दांडगी! सुनेला हातभार लावू म्हणाले असतील. मेलं, पांढऱ्याऐवजी निळं फडकं घेतलं असतं तर काय महाग पडलं असतं, अशी स्वतःवरच चरफडत बाई चपला कशाबशा अडकवून धावत सुटल्या. सकाळीच पाऊस पडून गेला होता. ओली माती आठवून त्यांनी पावलं आणखी उचलली.

कबरस्तानाच्या भिंतीपाशी सासरे फावड्याला टेकून उभे होते. खड्डा बुजलेला.

"मामंजी, काय करून बसलात हे!"

"का गं? सगळं रीतसर केलं. प्रार्थनासुद्धा म्हटली."

"अहो, पुस्तक म्हातारं होतं, मेलं नव्हतं! मी बरं करत होते त्याला!"

सासऱ्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "जिवंत होतं?"

पातं लागेल म्हणून त्यांनी फावडं बाजूला टाकलं आणि गुडघ्यांवर बसून हातांनीच माती उकरायला घेतली. बाईही बसल्या. फडकं हाताला लागलं ते ओलं. उलगडायचा बाईंना धीर होईना, तेव्हा सासऱ्यांनीच उलगडलं.

"सांग ना, काय झालंय? मला दिसत नाही."

वरचं कोरं पान भिजून डागाळलं होतं. बाईंनी ते अलगद उचललं. खालचं छापील पान कोरडं होतं. त्याखालचंही.

"वाचली, मामंजी. एक कोरं पान तेवढं गेलं." ते ग्रंथपालबाईंना कोणत्या तोंडानं सांगायचं, ही धाकधूक होतीच.

जमिनीवर पडलेला पवित्र ग्रंथ उचलला की ओठांना लावायचा, हीही त्यांची रीत. सासरे पानांवर वाकले, पण दाढीला माती लागलेली. बाईंनी रुमालानं ती पुसली. खूप बोलायचं ठरवून आल्या होत्या, पण म्हाताऱ्याच्या नखांत अडकलेली माती बघून तीच काढत बसल्या.

"सूनबाई," सासरे हळूच म्हणाले, "मीही जीर्णच झालोय. मला गुंडाळायच्या आधी एकदा हाक मारून बघ हो."

मग मात्र बाईंना रडू आवरेना.