चंपतची निळी पेटी

अंजनानं पेटी विकायला नाही म्हटलं ते एकदाच, पण असं म्हटलं की मुंबईहून आलेला तो जुनंपानं घेणारा चहा अर्धा टाकून उठला. त्याला केनवडला घेऊन आला होता तिचाच पाठचा भाऊ, देवमन.

माणूस मात्र पारखी होता, खोटं कशाला बोला! त्यानं झाकण उघडलं नाही. आधी वाकून बूड पाहिलं, हातानं घडवलेले खिळे चाचपले, मग कोयंड्याजवळ बोट ठेवलं. तिथं कुलूप घासून घासून निळा रंग उडाला होता आणि खालून लाल डोकावत होता. जुनी चीज हात लागतो तिथंच झिजते, म्हणाला, आणि या निळ्याखाली त्याहून जुनं काम आहे.

ते काय आहे हे अंजनाला कोणी सांगायला नको होतं. आजीच्या लग्नातली पेटी, चारी अंगांनी देव चितारलेले. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर तिच्या बापानं, चंपतनं, घरातले देव नदीत सोडले आणि पेटीला स्वतःच्या हातानं निळा रंग दिला. रंगारी थोडाच होता तो? चिंधीनंच फासला, जागोजाग ओघळ आले. आता ही पेटी आपली झाली, म्हणाला होता. मरताना ती लेकीला दिली. बापाचा एक फोटो नव्हता तिच्याजवळ. हे ओघळ तेवढे होते.

पुढं बुडाला वाळवी लागली. देवमन म्हणाला, मंगरूळपीरला ओळखीचा सुतार आहे, नीट करून आणतो. भाऊच तो, शंका कायची घ्यायची? तिनं पेटी रिकामी करून एस.टी.च्या टपावर चढवून दिली, वरून त्याला भाकरीही बांधून दिली.

महिन्याभरानं पेटी आली. तेच माप, तेच ओघळ, झाकणाचा पोचासुद्धा तोच. अंजना हरखली. फडक्यानं पुसता पुसता हात कोयंड्याजवळ आला अन् थांबला. रंग उडाला होता, अगदी जागच्या जागी. पण खाली लाल नव्हतं. खाली कोरं लाकूड होतं. तिनं नखानं आणखी खरवडलं. लाकूडच.

सुतारानं जुनेपणाचं सोंग हुबेहूब वठवलं होतं. निळ्याखाली काय होतं ते मात्र त्याला कोणी सांगितलं नव्हतं. भावानं केसानं गळा कापला होता.

ती रिसोडला त्याच्या घरी पोचली तेव्हा देवमन जेवत होता. आधी त्यानं उडवाउडवी केली. मग कबूल झाला. पेटी आधीच मुंबईला गेली, सुतारानं नुसत्या काळ्यापांढऱ्या फोटोवरून दुसरी घडवली. तिकडं त्या माणसानं निळा रंग उतरवला, देव मोठे झकास निघाले.

"तुले पेटी पायजे होती, बाई. पेटी तं भेटली ना?"

म्हणजे बाप पुसला गेला होता.

"देवमन, बाबा पेटीले रंग देऊन राह्यले होते, तवा डबा कोनं धरला होता?"

त्यानं ताटातली भाकरी कुस्करायला घेतली.

"सांग ना. कोनं धरला होता?"

"म्या," तो मान खाली घालून म्हणाला.

"त्या सुताराले मालूम नव्हतं रे. तुले तं मालूम होतं."

भावजयीनं पाण्याचा तांब्या पुढं केला होता. तो तसाच ठेवून अंजना स्टँडाकडे निघाली.